त्र्याऐंशीवरचा लाल दोरा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी सांगितलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्वतःबद्दल असं कुणी बोलतं का? पण मला बोलायलाच हवं. मी एक जुनी कापडी मोजपट्टी आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, तसलीच. दीड मीटर लांब, दोन्ही टोकांना पितळेचा पत्रा, एक बाजू पिवळी आणि दुसरी कधीकाळी पांढरी होती. त्र्याऐंशीच्या आकड्यावर माझ्या अंगात एक लाल दोरा शिवलेला आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा तो नव्हता. तो कसा आला, तेवढं सांगते आणि गप्प बसते.

हिनोसावा हे आमचं गाव डोंगरात आहे. पाच महिने बर्फ. इथे एक बाई शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवायची, तिने मला दुकानातून आणलं. मुलांच्या छात्या, बाह्या, कंबरा मोजता मोजता माझी पहिली वीस वर्षं गेली. फार मजेचे दिवस होते ते! मुलं गुदगुल्या झाल्यासारखी हसायची आणि बाई दटावायची, "हलशील तर एक पाय आखूड शिवीन हं!" तिची मुलगी तोमोए शिकून गावाच्या कचेरीत आरोग्यसेविका झाली, तेव्हा आईने मला तिच्या हातात दिलं. म्हणाली, "एकच सांगते. आकडा कधी मोठ्याने वाचू नकोस. माणसं लाजतात." तोमोएने ते मनात पक्कं ठेवलं.

थोड्याच वर्षांत कचेरीत नवा नियम आला. चाळिशीपासून चौऱ्याहत्तरीपर्यंत प्रत्येकाने वर्षातून एकदा पोट मोजून घ्यायचं. पुरुषाचं पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आत हवं, बाईचं नव्वदच्या. आत असलात आणि वजनही बेताचं असलं, तर सुटलात. बाहेर गेलात आणि वर रक्तदाब किंवा साखर वाढलेली निघाली, तर तोमोए सहा महिने हात धुऊन तुमच्या मागे लागणार. काय खाल्लं ते लिहा, रोज चाला, खारं लोणचं कमी करा, नूडल्सचं पाणी वाडग्यातच राहू द्या. आमच्या गावात निम्मी माणसं पासष्टीच्या पुढची, आणि दवाखान्याचा खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून भागवायचा. चाळिशीत पोट आवरलं तर साठीत दवाखाना टळेल, असं वरच्या साहेबांचं म्हणणं.

कचेरीने तोमोएला एक प्लास्टिकची पट्टी दिली होती. बटण दाबलं की खटकन डबीत शिरणारी. पण ती थंडगार! फेब्रुवारीत उघड्या पोटाला लागली की माणूस दचकून पोट आत ओढायचा. मग तोमोए ती बाजूला ठेवायची, मला दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्यायची आणि म्हणायची, "ही आपली घरची पट्टी. सैल सोडा पोट." लोक माझ्यावर खूश होते. संध्याकाळी ती मला कोमट पाण्यात धुवायची. वाळताना मी गुंडाळली जाऊ नये म्हणून चिमट्याला टांगून खालच्या टोकाला कात्री बांधायची आणि सकाळी इस्त्री फिरवायची. इतकी माया माझ्यावर कुणीच केली नव्हती.

आणि मित्रांनो, त्या मायेनेच मी लांबत गेले.

दर धुण्याला केसाएवढी. कुणाच्या लक्षात येणार? मला स्वतःलाही बरीच वर्षं कळलं नाही. पूर्वी तोमोएच्या टेबलावर मला पसरलं की माझं टोक बरोबर कडेला येऊन थांबायचं. एक दिवस ते कडेवरून दोन बोटं खाली लोंबत होतं. टेबल काही आखूड झालं नव्हतं. लांबलेली पट्टी मोठ्या पोटाला लहान म्हणते, हे मला कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे? आणि खरं सांगू का, तोंड असतं तरी मी बोलले असते का, याची मला खात्री नाही. कारण तेव्हा माझं कौतुक चाललं होतं.

सलग तीन वर्षं हिनोसावा जिल्ह्यात पहिलं आलं. सगळ्यात सडपातळ माणसांचं गाव! सरपंचांनी तोमोएला व्यासपीठावर बोलावलं. मला निळ्या मखमलीवर ठेवून लोकांना दाखवलं. मीही फुशारले. माझी मलाच लाज वाटते आता.

त्याच वर्षी हेइगो न्हावी माझ्याखालून गेला. कुमागाइ हेइगो, वय एकसष्ट, बोलका माणूस. वजन बेताचं, पोट तेवढं पुढे आलेलं. मी सांगितलं, चौऱ्याऐंशी. "सुटलो रे बाबा!" असं ओरडून त्याने शर्ट खाली सोडला आणि घरी जाऊन बिअर उघडली. त्याची साखर जरा वर होती, पण कंबर आत म्हटल्यावर तोमोए त्याच्या मागे लागली नाही. घरी नुसतं एक छापील पत्र गेलं. शरद ऋतूत तो आपल्याच दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारी कोसळला आणि उठला नाही. तोमोए सांत्वनाला गेली तेव्हा मी तिच्या पिशवीत होते. त्याच्या बायकोला, फुसाएला, ती म्हणाली, "कंबर, वजन, सगळं तर आत होतं हो त्यांचं." फुसाएने नुसती मान हलवली. मी पिशवीच्या तळाशी गुपचूप पडून होते. मित्रांनो, त्या दिवशी मला गप्प राहण्याची जी शिक्षा झाली, ती कुठल्याही आगीत जाळून झाली नसती.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा मोजणीचा दिवस आला. समाजमंदिराच्या सभागृहाबाहेर सकाळपासून रांग, सगळे उपाशीपोटी, सगळे चिडलेले. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं. रांगेतून ओनोदेरा शिगेकाझु आत आला. हा गावचा बर्फ हटवणारा मोठा ट्रक चालवतो. अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, हातपाय काटकुळे. सगळा ऐवज पोटावर. त्याच्यासोबत त्याची आई, कियोआजी. शहाण्णव वर्षांची, इतकी बारीक की वाऱ्याने उडेल असं वाटावं. ती तपासणीसाठी नव्हती आली. तो कपडे काढून गारठतो, म्हणून नुकताच विणून संपवलेला हारामाकी, म्हणजे पोटाला गुंडाळायचा लोकरी पट्टा, घेऊन ती बाकावर बसली होती.

"श्वास सोडा, ओनोदेरा-सान," नावापुढे आदराचं 'सान' लावून तोमोए म्हणाली.

"सोडलाच आहे. एवढाच आहे माझ्याकडे," शिगेकाझु म्हणाला. खरंच त्याला धाप लागलेली होती. एका जिन्याने!

मी त्याच्याभोवती फिरले. चौऱ्याऐंशी आणि अर्धा. मला ओरडावंसं वाटत होतं. याच्या कातडीखाली जे धडधडत होतं, ते मला हेइगोच्या वेळीही जाणवलं होतं.

तोमोए खुशीत आली. "आजी, तुमचा मुलगा शहाणा आहे हो! तीन वर्षांत सुतभरही वाढला नाही."

कियोआजीने मान वर केली. "काय म्हणालीस?"

"गेल्या वर्षीही एवढाच होता. त्याच्या आदल्या वर्षीही."

"मग माझे टाके कुठे गेले?" आजी म्हणाली. "दर हिवाळ्याला मी याला हारामाकी विणते. दोन वर्षांमागे दोनशे चाळीस टाके घातले. गेल्या वर्षी तो घट्ट झाला म्हणून दोन वाढवले. यंदा आणखी दोन. लोकर तीच, सुया त्याच. वाढला नाही तर हे टाके काय मी देवाला वाहिले?"

शिगेकाझु हसला. "आई, शहाण्णव वर्षं झाली तुला. मोजताना चुकली असशील."

"मी चुकले? साठ वर्षं किमोनो शिवलेत मी, मेल्या! तुझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा सकाळी एक बाही पुरी केली होती." मग ती तोमोएकडे वळली. "शिवणवर्गाच्या खोलीत मीटरभर लांब बांबूची पट्टी असते बघ. आण ती. बांबू ताणत नाही."

तोमोए हसतच उठली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं म्हणून. तिने बांबूची पट्टी टेबलावर ठेवली, मला तिच्यावर आडवी केली आणि पितळी टोक शून्याला लावलं. मग तिचं बोट माझ्यावरून सरकत गेलं. साठपाशी ते जरा थांबलं. सत्तरपाशी तिचं हसू गेलं. माझा त्र्याऐंशीचा आकडा बांबूच्या बरोबर पंच्याऐंशीवर येऊन बसला होता.

तिचा हात माझ्यावर तसाच राहिला, आणि तो हात इतका गार कधीच नव्हता. मला कळलं की तिला कोण आठवलंय.

तेवढ्यात नुमाकुरा आत आला. हा कचेरीत आरोग्यविम्याचं टेबल सांभाळतो. चाळिशीचा, नीटनेटका, कामाला वाघ. त्याने टेबलावर एक नजर टाकली आणि मागचं दार लावून घेतलं.

"तोमोए-सान, आज नको," तो हळू आवाजात म्हणाला. "तीन दिवसांत यादी जिल्ह्याला जाते. पुढच्या वर्षी नवी पट्टी घ्या. कुणाला कळणारही नाही."

"हेइगो-सानांचं माप हिनेच घेतलं होतं," तोमोए म्हणाली.

"त्यांना आता परत आणता येतं का? आणि बाहेर बोलू नका, पण मी रोज ही कागदपत्रं बघतो. सडपातळ माणूस नव्वदीपर्यंत जगतो. मग त्याचा मोतीबिंदू, त्याचा गुडघा, कंबरेचं हाड, शेवटी आठ-दहा वर्षं शुश्रूषा. पोटाचा माणूस साठीत एका दुपारी जातो. मांडून बघितलं तर गावाला स्वस्त कोण पडतं? आपण एवढी पोटं मोजून वाचवतोय तरी काय?"

बोलून गेला आणि मग त्याला बाकावरची कियोआजी दिसली. बिचाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"लाजू नकोस, नुमाकुरा," आजी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. "खरंच बोललास. दोन्ही डोळे झाले माझे, कंबरेत लोखंड बसवलंय, पंधरा दिवसांनी औषधाची पिशवी भरून नेते. गावात माझ्याएवढं महाग कुणी नसेल. आणि हा माझा पोरगा अठ्ठावन्न वर्षांत डॉक्टरकडे दोनदा गेलाय. मग काय करू? गावाची वर्गणी वाचावी म्हणून याने माझ्याआधी जायचं? तुझे बाबा किती वर्षांचे असताना गेले रे?"

नुमाकुरा खाली बघत राहिला. "एकोणसाठ."

"मोठं पोट होतं. मीच त्यांचा शेवटचा किमोनो सैल करून दिला होता. स्वस्त पडले ना तुला?"

तो खुर्चीवर मटकन बसला. मी त्याला दोष देत नाही, मित्रांनो. मीही तीन वर्षं मखमलीवर बसले होते.

या सगळ्या बोलाचालीत शिगेकाझु कधी बाहेर गेला, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. खिडकीबाहेर त्याच्या ट्रकचं इंजिन सुरू झालं. बर्फ वाढलं होतं, शाळेची बस येण्याआधी घाट मोकळा करायला हवा, आणि पट्टीने तर त्याला सोडून दिलं होतं! तोमोए मला तशीच हातात धरून, दुसऱ्या हातात ती प्लास्टिकची पट्टी घेऊन पळाली. पायांत सभागृहातल्या चपला, अंगावर पातळ पांढरा डगला.

"उतरा खाली!" ती ट्रकच्या दाराशी उभी राहून ओरडली.

"पंच्याऐंशीच्या आत आहे म्हणालात ना? मग आता काय?"

"माझं चुकलं. पट्टी खोटी आहे. उतरा!"

कुरकुरत तो पायरीवर उतरला. तिथेच, पडत्या बर्फात, तिने त्याचा शर्ट वर केला आणि थंड प्लास्टिक त्याच्या पोटाला गुंडाळलं. साडेशहाऐंशी.

"या दीड सेंटिमीटरसाठी घाट बंद ठेवू?" शिगेकाझु चिडला. "पोरं शाळेत कशी जाणार?"

तोमोएने त्याच्याकडे निरखून बघितलं. इतक्या बर्फात त्याच्या कपाळावर घाम होता. "फावड्याने बर्फ उपसताना छातीत काही होतं का?"

तो ट्रककडे बघायला लागला. ट्रकच्या काचेवरचे वायपर सर्र सर्र फिरत होते.

"बोला ना."

"छातीत नाही," तो शेवटी म्हणाला. "डावा खांदा जरा भरून येतो. हे लोखंडी दार ओढून ओढून होतं ते. सगळ्यांनाच होतं."

"कधीपासून?"

"कापणीच्या आधीपासून."

मागून काठीचा आवाज आला. कियोआजी दारात उभी होती, बर्फात, तो नवा हारामाकी छातीशी धरून. ती रडली नाही की ओरडली नाही. फक्त म्हणाली, "शिगेकाझु, किल्ली दे."

अठ्ठावन्न वर्षांच्या त्या माणसाने मुकाट्याने किल्ली काढून आईच्या हातात ठेवली. नुमाकुरा मागोमाग धावत आला होता. दुसऱ्या चालकाला फोन त्यानेच लावला, कचेरीची गाडीही त्यानेच काढली. शहरापर्यंत तासभराची वाट. मी तोमोएच्या मुठीत चुरगळून गेले होते. माझा जीव टांगणीला लागला होता. पुढच्या वळणावर शिगेकाझुची मान खाली पडली तर? तर तो माझा दुसरा बळी ठरला असता.

मान पडली नाही. शहरातल्या डॉक्टरांनी त्याला घरी सोडलंच नाही. हृदयाच्या दोन नळ्या जवळपास बुजल्या होत्या. संध्याकाळच्या आत त्या उघडल्या. डॉक्टर तोमोएला म्हणाले, "आज घाटात गेला असता तर मला सांगता आलं नसतं काय झालं असतं." आजी बाहेर बाकावर बसून होती. हे ऐकल्यावर तिने तो हारामाकी उलगडला आणि शांतपणे शेवटच्या ओळीपासून उसवायला घेतला. म्हणाली, "आता हा बारीक होईल. नव्याने विणायला लागेल."

त्यानंतर तोमोएने तीन वर्षांची यादी काढून माणसं पुन्हा मोजली. सदतीस पुरुष मर्यादेबाहेर निघाले. जिल्ह्याला नवी यादी गेली आणि आमचं पहिलं गाव एकदम शेवटून दुसरं झालं. त्या वर्षी गावाचा दवाखान्याचा खर्च कमी झाला नाही, उलट वाढला. ते आकडे नुमाकुराने स्वतःच्या हाताने भरले. ग्रामसभेत तोमोएने कंबरेतून वाकून माफी मागितली आणि बराच वेळ वर बघितलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी शिव्याही दिल्या नाहीत.

मग एका दुपारी ती मला घेऊन फुसाएकडे गेली. न्हाव्याचं दुकान बंद होतं, पण खुर्ची पुसलेली होती. तोमोएने चटईवर कपाळ टेकलं आणि सगळं सांगितलं.

फुसाएने मला हातात घेतलं.

"त्यांचं किती आलं होतं?" तिने विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"आणि खरं?"

"शहाऐंशी."

"असू दे," असं फुसाए म्हणाली नाही. म्हणायलाही नको होतं. ती उठली, सुईदोऱ्याची पेटी आणली, चष्मा लावला आणि माझ्या त्र्याऐंशीच्या आकड्यावर लाल दोऱ्याने सात घट्ट टाके घातले. सुई टोचली, पण मला ते हवं होतं.

"हे खरं पंच्याऐंशी," ती म्हणाली. मग लाल दोऱ्यापलीकडच्या चौऱ्याऐंशीवर तिने नख टेकवलं. "आणि इथे माझा माणूस होता. आत नव्हता."

तोमोए रडायला लागली.

"हिला जाळू नकोस," फुसाए म्हणाली. "मोजायलाही वापरू नकोस. नव्या पट्टीशेजारी टांग. तुझ्या डोळ्यांसमोर राहू दे."

तेव्हापासून मी आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर, खिळ्याला आहे. शेजारी बांबूची पट्टी आणि एक नवी मोजपट्टी. दर वर्षी मोजणीआधी तोमोए नवीला बांबूवर आडवी करते आणि सगळ्यांसमोर तपासते. ती नवी पोरगी घाबरते, मी वरून धीर देते. कियोआजी आता अठ्ठ्याण्णव वर्षांची आहे. पंधरा दिवसांनी ती आणि शिगेकाझु दोघं औषधं घ्यायला येतात, आणि आजी दारातूनच हाक मारते, "नुमाकुरा, ये रे बाहेर! गावाची महागडी माणसं आलीत." तो उठून दोघांसाठी दार उघडतो. यंदाच्या हारामाकीला सहा टाके कमी लागले.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी एखादी जुनी, लाडकी, सगळ्यांच्या विश्वासाची वस्तू असेल. तिच्यावर माया करा, मी नको म्हणत नाही. पण वर्षातून एकदा तिला बांबूवर आडवी करा. आणि जो आकडा दिसेल तो, कुणीही लाजलं तरी, मोठ्याने वाचा.